फिजिक्सची पदवी: पैशांचा आणि वर्षांचा हिशेब कसा मांडावा

प्रवेशाचे दिवस होते. फिजिक्स विभागात मी एकटीच होते आणि परांड्याकडून एक वडील मुलीला घेऊन आले. हातात प्लॅस्टिकची फाइल, तिच्यात गुणपत्रिकेच्या सहा झेरॉक्स. मुलगी काही बोलेना, वडीलच बोलले. "मॅडम, पोरीला फिजिक्सच घ्यायचंय. मी नाही म्हणणार नाही. फक्त एवढं सांगा, एकूण पैसे किती लागतील आणि हिच्या हातात पहिला पगार कधी पडेल?"

इतका नेमका प्रश्न मला फार कमी पालकांनी विचारलाय. बहुतेक जण "स्कोप आहे का?" असं विचारतात आणि त्यावर कुणी काहीही सांगितलं तरी चालतं. या प्रश्नाला मात्र आकड्यांत उत्तर द्यावं लागतं. मी जुन्या प्रश्नपत्रिकेचा एक पाठकोरा कागद घेतला, त्यावर दोन रकाने पाडले. एकात पैसे, दुसऱ्यात वय. तासाभरात कागद भरला. तोच कागद इथे जरा सविस्तर मांडते आहे. फिजिक्सची पदवी पैशाने स्वस्त पडते, वर्षांनी महाग पडते. हे आधी कळलं तर निम्मे चुकीचे निर्णय टळतात.

पायरी १ : पैशांचा रकाना भरा

अनुदानित महाविद्यालयात बी.एस्सी.ची फी फारशी नसते. जागेप्रमाणे ती बदलते, पण हिशेबासाठी वर्षाला १२,००० रुपये धरू. आता मुलगी पुण्यात कॉट बेसिसवर राहणार असेल तर कॉटचे महिन्याला ४,०००, मेसचे ३,५००, बसपास-झेरॉक्स-मोबाइल मिळून १,५००. झाले ९,०००. दहा महिन्यांचे ९०,०००. म्हणजे वर्षाला एक लाखाच्या वर आणि तीन वर्षांचे तीन लाखांहून थोडे जास्त. त्यातली फी फक्त ३६,०००.

हा आकडा पाहिल्यावर त्या वडिलांनी पहिल्यांदा मान वर केली. खर्च शिकण्याचा कमी, राहण्याचा जास्त. मग पुढचा प्रश्न आपोआप येतो. पदवीची तीन वर्षं घराजवळच्या कॉलेजात, एसटीच्या सवलतीच्या पासावर काढली तर? तर सगळं मिळून वर्षाचं काम पंचवीस-तीस हजारांत भागू शकतं आणि उरलेले पैसे एम.एस्सी.साठी राखता येतात. एम.एस्सी.ला चांगल्या ठिकाणी जाणं जास्त महत्त्वाचं असतं. पण जवळच्या कॉलेजात प्रयोगशाळा खरोखर चालत असली पाहिजे, ही अट आहे. त्याबद्दल शेवटी सांगते.

खाजगी विद्यापीठांमध्ये हीच पदवी वर्षाला लाखांच्या घरात जाते. माझं मत स्पष्ट आहे: नुसत्या बी.एस्सी. फिजिक्ससाठी कर्ज काढू नका. इंजिनिअरिंगसाठी घेतलेलं कर्ज चार वर्षांनी लागणाऱ्या नोकरीच्या भरवशावर घेतलेलं असतं. इथे बहुतेक कॉलेजांत कॅम्पस भरती नावाला असते आणि खरी कमाई सुरू व्हायच्या आत हप्ते दारात येतात.

पायरी २ : वयाचा रकाना भरा, आणि तो आई-वडिलांसमोर भरा

बारावी झाली तेव्हा वय १८. बी.एस्सी. झाली की २१, एम.एस्सी. झाली की २३. नेट किंवा सेट या प्राध्यापकीच्या पात्रता परीक्षांचे एक-दोन प्रयत्न धरले तर २४-२५. पीएच.डी. पाच वर्षांत झाली तर ३०, सहा लागली तर ३१. संशोधनातच राहायचं असेल तर त्यानंतर दोन-तीन वर्षं पोस्टडॉक, म्हणजे पीएच.डी.नंतरचं मुदतीचं संशोधनकाम. कायम नोकरीचं पत्र हातात येईपर्यंत ३३-३४ उजाडतात. चुलतभाऊ तोवर गावात घर बांधून मोकळा झालेला असतो.

नव्या शैक्षणिक धोरणाने यात थोडी हालचाल झाली आहे. महाराष्ट्रातल्या संलग्न महाविद्यालयांत २०२४-२५ पासून चार वर्षांच्या पदवीची रचना आली. तिसऱ्या वर्षानंतर पदवी घेऊन बाहेर पडता येतं. चौथं वर्ष ऑनर्सचं केलं तर एम.एस्सी. एका वर्षात होते. चार वर्षांत ७५ टक्के गुण असतील तर विद्यापीठ अनुदान आयोगाच्या (यूजीसी) २०२२च्या नियमांप्रमाणे थेट पीएच.डी.लाही अर्ज करता येतो. सगळं जुळून आलं तर एक वर्ष वाचतं. पण चौथ्या वर्षाचा संशोधन प्रकल्प करून घेणारं कुणी तुमच्या कॉलेजात आहे का, ते पाहूनच ते वर्ष तिथे घालवा.

मुलींच्या पालकांना मी हा रकाना मुद्दाम मोठ्याने वाचून दाखवते. तेविसाव्या वर्षी घरात लग्नाचा विषय निघतो आणि एम.एस्सी. झालेली हुशार मुलगी नेटचा दुसरा प्रयत्न देत असताना "अजून किती शिकणार?" हे ऐकत राहते. मी स्वतः ते ऐकलंय. हा कागद आधीच सगळ्यांच्या समोर भरला असेल, त्यावर बाबांच्या अक्षरात "२५ पर्यंत विचारणार नाही" असं लिहिलेलं असेल, तर त्या कागदाचा फार आधार होतो.

पायरी ३ : कोणत्या दाराने आत जायचं ते ठरवा

बहुतेकांना एकच दार माहीत असतं: जवळचं सायन्स कॉलेज. ते दार वाईट नाही, पण इतर दारं बारावीच्या सुरुवातीलाच माहीत हवीत, कारण त्यांचे अर्ज निकालाच्या आधी भरायचे असतात.

आयसर ही विज्ञान शिक्षण व संशोधनाची केंद्र सरकारी संस्था. अशा सात आहेत, त्यांतली पुण्याची पाषाणला, २००६ साली सुरू झालेली. बारावीनंतर पाच वर्षांचा बीएस-एमएस अभ्यासक्रम, प्रवेश त्यांच्या आयएटी या परीक्षेतून. मुंबईत कालिना परिसरात मुंबई विद्यापीठ आणि अणुऊर्जा विभाग यांचं सीईबीएस हे मूलभूत विज्ञानाचं केंद्र आहे, भुवनेश्वरला तशीच नायसर ही संस्था आहे. या दोघांची परीक्षा नेस्ट. जेईई ॲडव्हान्स्डला बऱ्यापैकी क्रमांक आला तर आयआयटी मुंबईत इंजिनिअरिंग फिजिक्स मिळू शकतं, आणि बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत (आयआयएससी) चार वर्षांची बीएस आहे.

आयसरची फी साध्या कॉलेजापेक्षा पुष्कळ जास्त आहे, पाच वर्षांचा खर्च काही लाखांत जातो. तरीही प्रवेश मिळत असेल आणि संशोधनाची खरी ओढ असेल तर माझ्या मते ते पैसे वसूल होतात. तिथे दुसऱ्या वर्षापासून मुलं खऱ्या प्रयोगशाळांत बसतात. शिफारसपत्र लिहिणारी व्यक्ती स्वतः त्या विषयात काम करत असते.

या परीक्षा हुकल्या तर दार बंद झालं, असं मात्र अजिबात समजू नका. बी.एस्सी.च्या तिसऱ्या वर्षी आयआयटींची एम.एस्सी. प्रवेशाची जॅम परीक्षा देता येते, शिवाय संशोधन संस्थांची जेस्ट आहे, टाटा मूलभूत संशोधन संस्थेची (टीआयएफआर) स्वतःची प्रवेश परीक्षा आहे. साध्या तालुक्याच्या कॉलेजातून जॅम देऊन आयआयटीत एम.एस्सी.ला गेलेली मुलं माझ्या डोळ्यांसमोर आहेत. तीन वर्षं स्वस्तात घराजवळ, पुढची दोन नामांकित ठिकाणी: पैशांचा रकाना तंग असेल तर मी हाच रस्ता सुचवते.

प्रवेश घेताना एका बारीक गोष्टीकडे लक्ष द्या. फिजिक्स मेजर (मुख्य विषय) घेतलंत तर मायनर (दुय्यम विषय) म्हणून गणित घ्या. "सोपं जाईल" म्हणून दुसरं काही घेऊ नका. गणित नसल्याने पुढे कोणकोणती दारं बंद होतात, ते पाचव्या पायरीत दिसेलच.

पायरी ४ : शिष्यवृत्त्या

केंद्राच्या विज्ञान व तंत्रज्ञान विभागाची इन्स्पायर शिष्यवृत्ती मूळ विज्ञानाच्या पदवीसाठीच आहे. वर्षाला ८०,०००: त्यांतले ६०,००० हातात, २०,००० उन्हाळी संशोधन प्रकल्पासाठी. आपल्या बोर्डात बारावीला वरच्या एक टक्क्यात असणारे पात्र ठरतात. जेईई-नीटच्या पहिल्या दहा हजारांत असणाऱ्यांनाही संधी आहे. वर हिशेबात धरलेला पुण्याचा वर्षाचा खर्च यातून बराचसा निघतो. तरी पात्र असून अर्ज न करणारी मुलं दर वर्षी भेटतात, कारण त्यांना कुणी सांगितलेलंच नसतं.

राज्याच्या शिष्यवृत्त्या आणि वसतिगृह भत्ते महाडीबीटी पोर्टलवर असतात. उत्पन्नाचा दाखला, जातीचा दाखला, आधारला जोडलेलं बँक खातं हे जूनच्या आत तयार ठेवा. पैसे उशिरा येतात, म्हणून पहिल्या सहामाहीची सोय वेगळी करून ठेवा.

पायरी ५ : बाहेर पडायच्या जागा कागदावर मांडा

फिजिक्स घेणाऱ्या दहा मुलांना विचारा, आठ जणांना शास्त्रज्ञ व्हायचं असतं. व्हावंच. पण वाटेत कुठे कुठे उतरता येतं हे माहीत असेल तर माणूस निवांत मनाने पुढे जातो.

*एकविसाव्या वर्षी, फक्त बी.एस्सी.वर.* एअरपोर्ट्स ऑथॉरिटी ऑफ इंडियाची हवाई वाहतूक नियंत्रकांची भरती बघा. पात्रता आहे फिजिक्स आणि गणित घेऊन बी.एस्सी., किंवा इंजिनिअरिंग. वेतनश्रेणी ४०,००० ते १,४०,०००. वयाची अट २७. बी.एस्सी.वाल्यांसाठी याहून चांगली थेट सरकारी नोकरी मला माहीत नाही आणि मराठी मुलं तिथे फारशी दिसत नाहीत याचं मला खरंच वाईट वाटतं. मायनरला गणित घ्या म्हणते ते यासाठी.

दुसरी जागा बीएआरसी (भाभा अणुसंशोधन केंद्र) आणि एनपीसीआयएल (अणुवीज केंद्रं चालवणारी सरकारी कंपनी). इथे बी.एस्सी.ला ६० टक्के असलेल्यांना विद्यावेतनासह प्रशिक्षण देऊन सायंटिफिक असिस्टंट म्हणून घेतात. मूळ वेतन ३५,४००, वर भत्ते. वयोमर्यादा मात्र पंचविशीच्या आतबाहेर संपते, म्हणून जाहिरातीवर पदवीच्या शेवटच्या वर्षापासूनच डोळा ठेवावा. हवामान खात्यातल्या सायंटिफिक असिस्टंटची भरती स्टाफ सिलेक्शन कमिशन करतं, तिलाही पदवीला फिजिक्स चालतं. पण ती दर वर्षी निघत नाही. २०१७ ला निघाली, मग २०२२ ला. तिच्या आशेवर बसून राहू नये.

आयटीत जायचं असेल तर विप्रो, टीसीएससारख्या कंपन्या बी.एस्सी. पदवीधरांसाठी वेगळी भरती करतात. विप्रोत काम करता करता एम.टेक. करायची सोय आहे. शिवाय बी.एस्सी.नंतर एमसीएची (संगणकातली पदव्युत्तर पदवी) सीईटी देता येते, इंजिनिअरिंगच्या थेट दुसऱ्या वर्षालाही प्रवेश मिळतो. फिजिक्स घेतल्याने इंजिनिअरिंगचं दार कायमचं बंद होत नाही, हे पालकांना सांगितलं की खोलीतली हवा जरा हलकी होते.

*तेविसाव्या वर्षी, एम.एस्सी.वर.* इथे मला जरा थांबायचंय, कारण ही वाट फार थोड्यांना माहीत आहे. मेडिकल फिजिसिस्ट.

माझी एक विद्यार्थिनी आज एका कर्करोग रुग्णालयात हे काम करते. तिने एकदा मला सकाळी सातला बोलावलं. पहिला रुग्ण आत यायच्या आधी किरणोपचाराच्या यंत्राची तपासणी चालली होती. टेबलावर प्लॅस्टिकसारख्या घन पदार्थाच्या लाद्या एकावर एक रचलेल्या होत्या. पाण्यात किरण जसे शोषले जातात तसे त्यात शोषले जातात, म्हणजे ते जणू रुग्णाचं शरीर. मधल्या लादीला भोक, त्यात किरण मोजणारा, पेन्सिलीच्या टोकाएवढा आयन चेंबर. ती बाहेर आली, जाड दार सरकून बंद झालं, यंत्राने १०० युनिट किरण सोडले आणि बाहेरच्या इलेक्ट्रोमीटरवर आकडा उमटला. तिने तो वहीत लिहिला, मग खोलीचं तापमान आणि हवेचा दाब लिहिला. चेंबरमधली हवा तापली की विरळ होते, रेणू कमी होतात, आयन कमी होतात, आकडा खरा असतो त्याहून कमी येतो. म्हणून तो दुरुस्त करून घ्यायचा. अकरावीत आपण जो वायूंचा नियम पाठ करतो तोच. दुरुस्त आकडा ठरलेल्या आकड्यापासून दोन-तीन टक्क्यांहून जास्त ढळला तर यंत्र थांबवायचं आणि बाहेर बसलेल्या माणसांना थांबायला सांगायचं. त्या सकाळी सगळं जागेवर होतं. तिने सही केली आणि पहिल्या आजींना आत घेतलं.

यासाठी एम.एस्सी. फिजिक्सनंतर रेडिऑलॉजिकल फिजिक्सची पदविका लागते. मुंबईत बीएआरसीत ती एक वर्षाची आहे, एम.एस्सी.ला ६० टक्के हवेत. त्यानंतर रुग्णालयात १२ महिन्यांची इंटर्नशिप. किरणोपचार केंद्र चालवायला पात्र मेडिकल फिजिसिस्ट असलाच पाहिजे, असा अणुऊर्जा नियामक मंडळाचा नियम आहे, आणि जिल्ह्याजिल्ह्यांत नवी केंद्रं उघडताहेत. वयाच्या रकान्यात हे २५ वर बसतं. म्हणजे पीएच.डी.पेक्षा पाच वर्षं अलीकडे.

एम.एस्सी.नंतरच्या आणखी काही जागा थोडक्यात. पेटंट कार्यालयात परीक्षक: फिजिक्सची एम.एस्सी. चालते, गट अ ची जागा, मूळ वेतन ५६,१००. २०२३ साली ५५३ जागांची मोठी भरती झाली होती. गेट ही प्रवेश परीक्षा देऊन एम.टेक. करता येतं, मटेरियल सायन्स किंवा ऑप्टिक्ससारख्या शाखांत. गेटवर प्रवेश मिळाला तर महिन्याला १२,४०० विद्यावेतन मिळतं. बीएआरसीच्या ट्रेनिंग स्कूलची परीक्षा शास्त्रज्ञपदासाठी आहे, १९५७ पासून चालू असलेली. एम.एस्सी.च्या प्रत्येकाने ती एकदा तरी द्यावी.

शाळा आणि ज्युनिअर कॉलेजसाठी बी.एड. लागतं, म्हणजे अजून दोन वर्षं. शासकीय भरती टेट (शिक्षक अभियोग्यता चाचणी) आणि पवित्र या सरकारी पोर्टलमधून होते आणि सुरुवातीची तीन वर्षं शिक्षण सेवक म्हणून काढावी लागतात. २०२३ पासून मानधन माध्यमिकला १८,०००, उच्च माध्यमिकला २०,०००. शिकवण्याची आवड असलेल्यांनी हे आकडे पाहून मगच यावं. आवड खरी असेल तर तीन वर्षं निभावतात.

पायरी ६ : पीएच.डी.चा हिशेब डोळे उघडे ठेवून करा

पीएच.डी. फुकट होते, उलट पैसे मिळतात, हे खरं आहे. जेआरएफला (कनिष्ठ संशोधन अधिछात्रवृत्ती, म्हणजे फेलोशिप) जानेवारी २०२३ पासून महिन्याला ३७,००० आणि दोन वर्षांनी एसआरएफ (वरिष्ठ) म्हणून ४२,०००, घरभाडे भत्ता वेगळा. पाच वर्षांचे बरोबर २४ लाख होतात. राज्यात बार्टी, सारथी, महाज्योती या सरकारी संस्थांच्याही अधिछात्रवृत्त्या आहेत. पंतप्रधान संशोधन अधिछात्रवृत्ती ७०,००० पासून सुरू झालेली, पण ती मोजक्यांना.

अडचण आकड्यात नसते, तारखेत असते. माझी अधिछात्रवृत्ती एकदा सात महिने आली नव्हती. कागद या टेबलावरून त्या टेबलावर फिरत होते, कुठे अडलंय ते कुणी सांगत नव्हतं. त्या काळात मी भावाकडून पैसे घेतले आणि मेसमध्ये एक वेळचा डबा बंद केला. म्हणून पीएच.डी.ला जाणाऱ्या प्रत्येकाला सांगते: सहा महिने पुरतील एवढे पैसे बाजूला ठेवल्याशिवाय रुजू होऊ नका. पहिली दोन वर्षं दर महिन्याला पाच हजार काढून ठेवा, तेवढ्यावरच एखादा वाईट काळ निघतो.

दुसरी गोष्ट प्राध्यापकीची. नियमित सहायक प्राध्यापकाचं मूळ वेतन ५७,७०० पासून सुरू होतं. किमान पात्रता नेट किंवा सेट, आपल्याकडची सेट महाराष्ट्र आणि गोवा मिळून पुणे विद्यापीठ घेतं. पात्र माणसं पुष्कळ आहेत, नियमित जागा फार थोड्या. मधली वर्षं सीएचबीवर, म्हणजे तासिका तत्त्वावर जातात. तासावर पैसे, सुट्टीत काही नाही, दर वर्षी नवी मुलाखत. मी नऊ वर्षं काढली. मला शिकवण्याचा एका दिवसाचाही पश्चात्ताप नाही, पण तिसऱ्या वर्षी मी एक तारीख ठरवायला हवी होती: अमुक वर्षापर्यंत नियमित जागा नाही मिळाली तर दुसरीकडे वळायचं. ती मी ठरवली नाही. तुम्ही ठरवा. आजच, त्या कागदावर, वयाच्या रकान्यात.

मग पीएच.डी. कुणी करावी? रात्री नऊ वाजता प्रयोग बिघडला आणि "उद्या पुन्हा बघू" असं म्हणताना ज्याला चीड येण्याऐवजी उत्सुकता वाटते, त्याने. आपल्याकडे जागाही चांगल्या आहेत: पुण्यात खगोलशास्त्राचं आयुका, नारायणगावजवळ खोडदला ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेनांची जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीण, कुलाब्याला टीआयएफआर. हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ गुरुत्वीय लहरी टिपणारं लायगो-इंडिया उभं राहतंय, केंद्राने एप्रिल २०२३ मध्ये त्यासाठी २,६०० कोटी मंजूर केले. तिथे सिद्धांत मांडणाऱ्यांइतकीच निर्वात पंप, लेझर, कंपनरोधक रचना हाताळणारी माणसं लागणार आहेत. मराठवाड्यातल्या मुलांनी हे कान देऊन ऐकावं.

पायरी ७ : दुसऱ्या वर्षापासून पदवीला काहीतरी जोडा

पगार कुठल्याच वाटेवर नुसत्या पदवीला मिळत नाही, पदवीला जे जोडलेलं असतं त्याला मिळतो. दुसऱ्या वर्षाच्या सुरुवातीला एक गोष्ट निवडा आणि दोन वर्षं सोडू नका.

मला विचाराल तर पहिली निवड पायथन या संगणकाच्या भाषेची. क्लास लावायची गरज नाही. प्रॅक्टिकलची रीडिंग्ज घ्या आणि आलेख ग्राफपेपरऐवजी प्रोग्रॅमने काढा. रेषेचा उतार, त्यातली त्रुटी, सगळं. लंबकाच्या साध्या प्रयोगापासून सुरू करा: "जी = ९.७" एवढंच न लिहिता "९.७, अधिक-उणे ०.२" असं लिहायला शिका आणि ते ०.२ कुठून आलं हे सांगायला शिका. मुलाखतीत मी स्वतः एवढंच विचारते. ज्याला आपल्या उत्तरातली चूक किती आहे हे सांगता येतं, त्याला पुढे बँकेचा डेटा दिला तरी तो हाताळतो आणि इस्पितळातलं यंत्र दिलं तरी.

हातांची आवड असेल तर इलेक्ट्रॉनिक्स: सोल्डरिंग, मायक्रोकंट्रोलर, सेन्सर. पुणे-नाशिक पट्ट्यात मोजमापाची उपकरणं बनवणारे छोटे कारखाने आहेत, त्यांना अशी मुलं हवी असतात आणि ती त्यांना मिळत नाहीत.

उन्हाळे वाया घालवू नका. मानखुर्दच्या होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्रात पदवीच्या मुलांसाठी नियस कार्यक्रम चालतो. विज्ञान अकादम्यांची उन्हाळी अधिछात्रवृत्ती आहे, आयुकात सुट्टीतला विद्यार्थी कार्यक्रम आहे. आयएपीटी या फिजिक्स शिक्षकांच्या संघटनेची पदवीच्या मुलांसाठीची एनजीपीई परीक्षा जानेवारीत होते, ती द्या. तयारीत जॅमचा निम्मा अभ्यास होतो. यांतल्या एका ठिकाणी जाऊन आलेली मुलगी परत येते तेव्हा तिचे प्रश्नच बदललेले असतात.

पायरी ८ : परदेशाचं गणित वेगळं करा

अमेरिकेत फिजिक्सच्या पीएच.डी.ला बहुधा फी माफ असते आणि शिकवण्याच्या किंवा संशोधनाच्या मोबदल्यात विद्यावेतन मिळतं. एम.एस. मात्र आपल्या खिशातून. म्हणून कर्ज काढून फिजिक्सचं एम.एस. करण्याऐवजी इथे एम.एस्सी. करून तिकडे थेट पीएच.डी.ला अर्ज करणं शहाणपणाचं.

जर्मनीत सरकारी विद्यापीठांत बहुतेक ठिकाणी शिकवणी फी नाही, पण बाडेन-वुर्टेम्बर्ग राज्यात युरोपबाहेरच्यांना सहामाहीला १,५०० युरो आहे आणि म्युनिकच्या तांत्रिक विद्यापीठाने २०२४ पासून आपल्यासारख्यांना फी लावली आहे. शिवाय व्हिसासाठी ११,९०४ युरो आधीच बंद खात्यात दाखवावे लागतात, म्हणजे सुमारे १२ लाख. हे पैसे महिन्या-महिन्याने आपल्यालाच परत मिळतात, पण आधी उभे करावे लागतात. आपली तीन वर्षांची पदवी काही विद्यापीठांना अपुरी वाटते, तेही आधी विचारून घ्या.

पायरी ९ : फॉर्म भरायच्या आधी विभागात एक चक्कर मारा

हे काम ऑनलाइन होत नाही. बसने जा, अर्धा दिवस द्या. विभागप्रमुखांना भेटा, किती शिक्षक नियमित आहेत आणि किती तासिकेवर, हे थेट विचारा. वाईट वाटेल असं काही त्यात नाही. मागच्या तीन वर्षांत जॅम किंवा नेटमधून कोण कुठे गेलं ते विचारा. नावं पटापट आली तर विभाग आपल्या मुलांचा माग ठेवतो असं समजा. ग्रंथालयात फिजिक्सच्या कपाटातली पुस्तकं बाहेर काढून मागच्या पानावरच्या तारखा पाहा.

मग प्रयोगशाळेत जा. थर्ड इयरच्या मुलांना आठवड्यात खरोखर किती प्रॅक्टिकल्स होतात ते विचारा. कुणाचं तरी जर्नल बघायला मागा आणि सोबत त्याची कच्ची वहीही. परांड्याच्या त्या मुलीने माझ्याकडे तेच मागितलं. तोवर एक शब्द न बोललेली ती, उभ्या उभ्या कच्च्या वहीची पानं उलटत होती. स्पेक्ट्रोमीटरच्या प्रयोगात एक रीडिंग तीनदा खोडलेलं होतं आणि शेजारी पेन्सिलने लिहिलं होतं, "स्लिट हलली, परत घेतलं." ते तिने वडिलांना दाखवलं.